बालपणीचे दुःख आणि अकाली येणारी जरा

मनुष्याचे वय किती, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले असते आणि सरकारी कामापुरते तेवढे उत्तर पुरते. शरीर मात्र तो दाखला पाहून चालत नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेली दोन मुले पुढे चाळिशीत एखाद्या लग्नकार्यात भेटतात आणि परक्या पाहुण्याला त्यांतील एक दुसऱ्याचा चुलता वाटतो. एकाची चाल ताठ, मुद्रा प्रसन्न. दुसऱ्याला जिना चढताना धाप लागते आणि कशातच रस उरला नसल्याची छाया त्याच्या बोलण्यावर पसरलेली असते. लोक म्हणतात, ‘याला काळजीने खाल्ले.’ लोकांचे हे म्हणणे केवळ अलंकारिक नाही, त्यात मोजमापाने दाखविता येईल असा अर्थ आहे, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने पुढे आणले आहे. त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, माणसाला खाणारी ही काळजी पुष्कळदा त्याच्या प्रौढपणीची नसते. ती त्याच्या बाळपणाची असते.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ड्युनेडिन नावाचे शहर आहे. तेथे १९७२-७३ या एका वर्षात जन्मलेल्या १,०३७ मुलांची नावे संशोधकांनी नोंदवून घेतली आणि मुले तीन वर्षांची झाल्यापासून ठरावीक वर्षांनी त्यांना बोलावून तपासण्याचा क्रम सुरू केला. तो क्रम पुढे कित्येक दशके अखंड चालला. कोणी परदेशी स्थायिक झाला असेल, तर त्याला विमानाचे भाडे देऊन तपासणीपुरते परत आणावयाचे, इतकी चिकाटी या मंडळींनी दाखविली. ही मुले अडतीस वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी ९५४ जणांचे रक्त, फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, हिरड्या अशा अनेक अंगांची मोजमापे घेऊन प्रत्येकाच्या शरीराचे वय काढण्यात आले. हा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. दाखल्याप्रमाणे सारेच अडतिशीचे. परंतु शरीराच्या हिशेबाने कोणी अठ्ठावीस वर्षांचा निघाला, तर कोणी एकसष्ट वर्षांचा! ज्यांचे शरीर वेगाने जीर्ण होत होते, त्यांच्या मुठीची पकड सैल होती आणि एका पायावर तोल सांभाळणे त्यांना जड जात होते. त्यांची छायाचित्रे काहीही न सांगता तरुण विद्यार्थ्यांसमोर ठेवली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांनीही या माणसांचे वय इतरांपेक्षा अधिक असावे असाच अंदाज केला.

हा फरक कोठून आला? काही वाटा रक्ताच्या वारशाचा, काही व्यसनांचा, काही कामाच्या स्वरूपाचा. हे कोणीही सांगेल. परंतु या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर त्याआधीच दूर अमेरिकेत, सॅन डिएगो शहरी, एका वैद्याच्या हाती लागले होते. व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर १९८० नंतरच्या दशकात अतिस्थूल माणसांचे वजन उतरविण्याचा दवाखाना चालवीत असत. त्यांना एक कोडे पडले. ज्यांचे वजन उत्तम उतरत होते, तीच माणसे उपचार अर्धवट टाकून निघून जात. त्यांच्याशी सावकाश बोलताना हळूहळू एकेकाच्या तोंडून लहानपणाची हकीकत बाहेर पडू लागली. कोणावर बालवयात अत्याचार झाला होता, कोणाच्या घरी रोज मारहाण होती. यांच्यापैकी काहींना आपला स्थूलपणा हा रोग वाटत नव्हता; तो त्यांचा आडोसा होता.

पुढे फेलिटी आणि रोगप्रतिबंधाच्या सरकारी खात्यातील रॉबर्ट अँडा यांनी मिळून सतरा हजारांहून अधिक प्रौढांना लहानपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण होत असे काय, अपमान होत असे काय, आईला मार बसताना पाहिले काय, घरात कोणी दारुडा होता काय, कोणी तुरुंगात गेले होते काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ही माणसे झोपडपट्टीतील नव्हती; बहुतेक नोकरीपेशातील, विमा असलेली, बरी शिकलेली होती. तरीही निम्म्याहून अधिकांनी यांतील एखाद्या तरी गोष्टीला ‘होय’ म्हटले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात असे दिसले की, ज्यांची ‘होय’ची संख्या चार वा अधिक होती, त्यांच्यात नैराश्य, मद्यासक्ती आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण, ज्यांची संख्या शून्य होती त्यांच्या कित्येक पटींनी अधिक होते. हृदयविकार आणि फुप्फुसांचे विकारही त्यांच्यात अधिक आढळले.

येथे एक शंका रास्त आहे. खिन्न मनाचा मनुष्य मागे वळून पाहतो तेव्हा त्याला सगळाच भूतकाळ काळवंडलेला दिसतो. मग बालपणीच्या दुःखामुळे आजचे नैराश्य आले, की आजच्या नैराश्यामुळे बालपण दुःखी वाटू लागले? ही शंका दूर करावयाची तर मुलाचे हाल मूल लहान असतानाच नोंदलेले असावयास हवेत. ड्युनेडिनच्या वह्यांत नेमके तेच होते. आई मुलाला झिडकारते काय, मार किती बसतो, सांभाळणारी माणसे वारंवार बदलतात काय, घरची स्थिती कशी आहे, याची त्या त्या वेळी टिपणे घेतलेली होती. कोणते मूल सवंगड्यांना नकोसे आहे, कोणते एकटेच राहते, हे पालकांप्रमाणेच शिक्षकांनाही विचारून ठेवले होते. ती मुले बत्तीस वर्षांची झाल्यावर हिशेब जुळविण्यात आला. ज्यांच्या वाट्याला दारिद्र्य, छळ किंवा एकटेपण आले होते, त्यांच्यात नैराश्याचा विकार, रक्तातील दाहाची लक्षणे आणि रक्तशर्करा, मेद यांचे बिघाड अधिक प्रमाणात आढळले. पुढे शरीर जीर्ण होण्याचा वेगही त्यांच्यात अधिक असल्याचे दिसून आले. वर्गाच्या कोपऱ्यात मुकाट बसणाऱ्या मुलाविषयी एखाद्या शिक्षकाने सहा-सात वर्षांच्या वयात लिहून दिलेली ओळ पंचवीस वर्षांनी त्याच्या रक्ताच्या थेंबाशी जुळावी, ही गोष्ट साधी नव्हे.

मनाचे दुःख शरीरात शिरते कोणत्या वाटेने? मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. भय उत्पन्न झाले की मेंदूकडून त्यांना निरोप जातो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. साखर रक्तात उतरते, नाडी जलद होते, स्नायू सज्ज होतात. साप दिसला तर पळावयास ही सोय उत्तम आहे. साप निघून गेला की सारे पूर्ववत होते. पण ज्या घरात साप रोज संध्याकाळी दारू पिऊन परत येतो, तेथील मुलाच्या शरीराने काय करावे? रात्रंदिवस जागता पहारा देणाऱ्या रखवालदाराची जी अवस्था होते तीच या व्यवस्थेची होते. ती एकतर सदैव ताठलेली राहते, नाहीतर इतकी थकते की खऱ्या संकटातही हलत नाही. कॉर्टिसॉलचे एक काम शरीरातील दाह आवरण्याचे आहे. हा लगाम सुटला की मंद दाह धुमसत राहतो, आणि हा धुमसणारा दाह हृदय, रक्तवाहिन्या व मेंदू यांना दीर्घकाळ पोखरतो. नैराश्याच्या अनेक रोग्यांत, सर्वांत नव्हे, अशाच दाहाच्या खुणा सापडतात.

याहून सूक्ष्म अशी एक खूण पेशीच्या गाभ्यात असते. तेथील गुणसूत्रे म्हणजे जणू पीळ घातलेली लांब दोरी. दोरीचा पीळ टोकाशी उसवू नये म्हणून आपण टोकाला सूत गुंडाळतो. निसर्गानेही गुणसूत्रांच्या टोकांना तसे वेष्टन दिले आहे. त्यास टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगून नवी पेशी झाली की हे वेष्टन थोडे आखूड होते, आणि फारच आखूड झाले म्हणजे ती पेशी पुढे दुभंगेनाशी होते. या टोकांचे कार्य उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॅकबर्नबाईंनी एलिसा एपेल यांच्यासह २००४ साली दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांच्या मातांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या मातांना सर्वांत अधिक ताण जाणवत होता, त्यांची टोके सर्वांत कमी ताण असलेल्यांच्या मानाने किमान दहा वर्षे अधिक वयाच्या स्त्रीइतकी झिजलेली होती. पुढे ब्रिटनमधील जुळ्या मुलांच्या एका पाहणीत तर पाचव्या आणि दहाव्या वर्षी तीच मुले तपासली गेली. घरातील हिंसा, सवंगड्यांकडून होणारा छळ, मोठ्यांकडून होणारी मारहाण, यांपैकी दोन वा अधिक प्रकार ज्यांनी सोसले, त्यांची टोके त्या पाच वर्षांत इतरांपेक्षा वेगाने आखूड झाली होती. दहा वर्षांच्या मुलाच्या संदर्भात ‘जरा’ हा शब्द वापरणे विपरीत वाटते, पण येथे दुसरा शब्द सापडत नाही. स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी २०१३ साली दुसरेच एक घड्याळ दाखवून दिले. आनुवंशिक द्रव्यावर ३५३ ठिकाणी ज्या रासायनिक खुणा कमीअधिक होत जातात, त्यांवरून ते वय सांगते. नेदरलँड्समधील नैराश्याच्या रोग्यांत अशाच प्रकारचे घड्याळ थोडे पुढे धावताना आढळले, आणि ज्यांचे बालपण अधिक कष्टाचे, त्यांचे घड्याळ अधिक पुढे, असेही दिसले.

नैराश्याविषयी बोलावयाचे तर लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेल्या कामाची आठवण व्हावयास हवी. त्यांचा ग्रंथ १९७८ साली निघाला. त्यांनी शेकडो सामान्य गृहिणींना घरी जाऊन विचारले आणि असे दाखविले की, नैराश्य बहुधा एखाद्या आघातानंतर येते. पण आघात झालेल्या सगळ्यांनाच ते येत नाही. अकरा वर्षांच्या आत आई गमावलेल्या स्त्रिया अधिक लवकर कोसळत, आणि जिच्याजवळ मन मोकळे करावे असे जवळचे माणूस आहे ती पुष्कळदा सावरत असे. पुढे याच मंडळींनी अधिक खोलात जाऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, आईच्या मृत्यूपेक्षा त्यानंतर त्या मुलीची जी आबाळ झाली, तीच पुढील नैराश्याला अधिक कारणीभूत होती. आई गेली, पण आजीने वा मावशीने पोटाशी धरले, तर घाव तितका खोल जात नसे. मराठी कुटुंबांतून ही गोष्ट कोणी शास्त्र म्हणून मांडली नसेल, पण माहीत नाही असे घर विरळा.

एवढ्याने तर्ककर्कश माणसाचे समाधान होणार नाही. तो म्हणेल, ज्या घरी मुलांचे हाल होतात, त्या घरी दारिद्र्य असते, आजारपण असते, कदाचित खिन्नतेचा वारसाही असतो. मग दोष हालांचा की वारशाचा? मॉन्ट्रिऑल येथील मायकेल मीनी यांनी उंदरांवर प्रयोग करून याचे एका बाजूने उत्तर दिले. जी मादी आपल्या पिलांना फारसे चाटत नाही, तिची पिले मोठेपणी भित्री होतात. पण तीच पिले जन्मतःच चाटणाऱ्या मादीकडे दिली तर ती धीट निघतात. म्हणजे वारसा काही असो, संगोपन आपली खूण उमटविते. परंतु माणसाच्या मुलांवर असा प्रयोग कोण करील? कोणी करू नये. तथापि विसाव्या शतकात एका राजवटीने आपल्याच देशातील मुलांच्या बाबतीत असे काही घडवून आणले की, त्याचे दुष्परिणाम निस्तरण्याच्या प्रयत्नातूनच या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तो देश रुमानिया.

निकोलाए चाउशेस्कू यांनी १९६६ साली फर्मान काढून बहुतेक स्त्रियांना गर्भपाताची बंदी केली. राष्ट्राची लोकसंख्या वाढली पाहिजे, हा त्यामागील हेतू. अपत्यहीन माणसांवर अधिक कर बसविला गेला. मुले जन्माला आली. त्यांना खाऊ घालावयास पुष्कळ घरांत काही नव्हते. सरकारने सांगितले, तुम्हांला जमत नसेल तर आमच्या संस्थांत आणून ठेवा. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. त्यांतील बहुतेक अनाथ नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांचे आईबाप हयात होते. तान्ह्या मुलांच्या संस्थांना तेथील भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘पाळणा’ असा होतो.

त्या पाळणाघरांत गेलेल्यांनी एका गोष्टीची आवर्जून नोंद केली आहे. तेथे शांतता होती. खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेत एक मूल, आणि रडण्याचा आवाज नाही. रडले तर कोणी येते, हा अनुभवच ज्यांच्या वाट्याला आला नव्हता त्यांनी रडणे सोडून दिले होते. बारा-पंधरा मुलांमागे एक दाई, तीही पाळीपाळीने बदलणारी. दूध वेळेवर, न्हाऊ घालणे वेळेवर, झोपही वेळेवर. पण दूध पाजताना मुलाच्या डोळ्यांत पाहणारे कोणी नाही. काही मुले तासन् तास आपले अंग मागेपुढे झुलवीत बसत. तीन वर्षांची झाली की त्यांची वर्गवारी होई, आणि ज्यांच्यात काही व्यंग दिसे ती ‘न सुधारण्याजोगी’ ठरून आणखी वाईट जागी रवाना होत.

२००० सालच्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना हे तीन अमेरिकन शास्त्रज्ञ बुखारेस्ट येथे आले. सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुले त्यांनी सहा संस्थांतून निवडली. रुमानियात त्या वेळी परक्या मुलाला घरी ठेवून सांभाळणारी पालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. शास्त्रज्ञांनी अशी छप्पन्न कुटुंबे शोधली, त्यांना वेतन आणि मार्गदर्शन दिले, आणि चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निम्मी, म्हणजे ६८ मुले त्या घरांत सोपविली. उरलेली ६८ पूर्वीप्रमाणेच सरकारच्या व्यवस्थेत राहिली. तुलनेसाठी आपल्याच आईबापांजवळ वाढणारी बुखारेस्टमधील मुलेही घेण्यात आली.

या योजनेवर नैतिक आक्षेप घेतला गेला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घर चांगले हे ठाऊक असताना निम्म्या मुलांना संस्थेत का ठेवावे? शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, ही योजना नसती तर सर्व १३६ मुले तेथेच राहिली असती. कोणत्याही मुलाला दत्तक जाण्याची वा आईबापांकडे परतण्याची वाट बंद केलेली नव्हती. आणि संस्थाच बऱ्या असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे ठाम पुरावा ठेवणे अवश्य होते. उत्तर बरोबर आहे. तरीही ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या मुलांचा विचार मनातून जात नाही, आणि तो जाऊही नये.

निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षे येत राहिले. साडेतीन वर्षांच्या वयात बुद्धिमापन केले तेव्हा आईबापांजवळच्या मुलांचा सरासरी अंक १०३ च्या आसपास, पालक कुटुंबांतील मुलांचा ८६ च्या आसपास, आणि संस्थेतील मुलांचा ७७ भरला. मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद आठव्या वर्षी घेतली, तेव्हा दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्या मुलांच्या लहरी कधीही संस्थेत न राहिलेल्या मुलांसारख्या झाल्या होत्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा नव्हत्या. साडेचार वर्षांच्या वयात खिन्नता आणि अतिचिंता या प्रकारचे विकार संस्थेतील मुलांत शेकडा ४४ जणांना होते, पालक कुटुंबांतील मुलांत शेकडा २२ जणांना. हा लाभ विशेषेकरून मुलींना झाला. आणि ज्या मुलीचा नव्या आईवर विश्वास बसला होता तिलाच तो झाला. केवळ घराचे छप्पर आणि चांगले जेवण यांनी ते साधले नाही.

शरीराच्या घड्याळाचे काय? मुले सहा ते दहा वर्षांची असताना त्यांच्या गुणसूत्रांची टोके मोजण्यात आली आणि २०१२ साली ती मापे प्रसिद्ध झाली. बालपणाचा जितका अधिक भाग संस्थेत गेला, तितकी टोके आखूड. मुले वयात येऊ लागली तेव्हाच्या तपासण्यांतही ही झीज त्यांच्यात इतरांपेक्षा वेगाने चालू असल्याचे दिसले. चारचौघांसमोर बोलण्यासारखा थोडासा ताण देऊन पाहिला, तेव्हा संस्थेत वाढलेल्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल उसळावयास हवा तसा उसळलाच नाही. थकलेल्या रखवालदाराचा उल्लेख वर केला आहे, तो हाच. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांत मात्र हा प्रतिसाद बराचसा स्वाभाविक होता.

रुमानियातून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मायकेल रटर यांनी आणि त्यांच्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचविशीपर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुले इतर इंग्रज मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ राहिलेल्यांपैकी पुष्कळांना प्रेमळ घर मिळूनही अडचणी राहिल्या. आणि चिंता व खिन्नता तर काहींच्या बाबतीत लहानपणी नव्हती, ती तारुण्यात उद्भवली. नोकरी शोधणे, जोडीदार मिळविणे, स्वतःच्या पायांवर उभे राहणे यांचा भार पडताच जुनी भेग उघडी झाली. पण याच गटातील पाचांपैकी एक माणूस असा निघाला की, कोणत्याही तपासणीत त्याच्यात काहीही दोष सापडला नाही. त्यांना कोणते बळ मिळाले होते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना आजही खुणावीत आहे.

हे सर्व ऐकून एखाद्या श्रोत्याने स्वतःचे बालपण आठवून घाबरून जाऊ नये. वर सांगितलेले आकडे समूहाचे आहेत. एका माणसाचे भविष्य त्यांवरून वर्तविता येत नाही. टेलोमिअरची लांबी माणसामाणसांत जन्मतःच पुष्कळ वेगळी असते, तेव्हा ती मोजून कोणी आयुष्याची वर्षे सांगू लागला तर त्याला आणि हात पाहणाऱ्या ज्योतिषाला एकाच पंक्तीस बसवावे. शिवाय सर्व आपत्ती सारख्या नसतात. २०२० साली अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, मारहाण, भय, हिंसा सोसलेल्या मुलांत जरा लवकर येण्याची व वयात लवकर येण्याची चिन्हे स्पष्ट आहेत. केवळ दारिद्र्य वा उणीव सोसलेल्यांत तशी एकसारखी आढळत नाहीत. बुखारेस्टच्या मापांशी हे पूर्ण जुळत नाही, आणि तसे जुळत नाही हे सांगून टाकणे बरे. त्याच वर्षी आणखी एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. न्यायालयाच्या दप्तरी ज्यांच्या छळाची नोंद होती अशा मुलांना प्रौढपणी गाठून विचारले असता, ज्यांना तो छळ आठवत होता त्यांच्यात मनोविकार अधिक होते. दप्तरी नोंद असूनही ज्यांच्या आठवणीत तो तसा उरला नव्हता त्यांच्यात ते फारसे नव्हते. म्हणजे घडलेल्या गोष्टीइतकेच, मनाने तिचा कोणता अर्थ लावला यालाही मोल आहे. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. बालपण खडतर असलेल्यांना ते थोडे चिकाटीने घ्यावे लागतात, इतकेच.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी जो दीर्घ अभ्यास केला, त्याचा येथे आधार मिळतो. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांतील ही मुले. त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, व्यसनी वा मनोरुग्ण आईबाप, मोडलेला संसार अशा अनेक आपत्ती एकदम आल्या होत्या. त्यांतील बहुतेक पुढे कोठे ना कोठे अडखळली. पण तीनांपैकी एक मूल, मोजून ७२ जण, समर्थ, कष्टाळू, दुसऱ्याला जीव लावणारे माणूस झाले. त्यांच्या आयुष्यात काय होते ते वर्नरबाईंनी शोधले. जवळपास प्रत्येकाला घरात वा घराबाहेर एक तरी स्थिर मोठे माणूस लाभले होते. कोठे ती आजी होती, कोठे थोरली बहीण, कोठे शेजारीण. आणि अनेकांनी एखाद्या शिक्षकाचे वा शिक्षिकेचे नाव घेतले. त्या शिक्षकांनी मोठे उपकार केले होते असे नाही. त्यांनी मुलाला नावाने हाक मारली होती, ते गैरहजर राहिले तर का, हे विचारले होते. जी मुले तरुणपणी अडखळली होती, त्यांतीलही पुष्कळ तिशी-चाळिशीपर्यंत सावरली, हे त्याच अभ्यासाचे दुसरे फलित आहे, आणि त्याची चर्चा हवी तितकी होत नाही.

रुमानियाने २००४ साली कायदा करून, गंभीर व्यंग असलेली मुले वगळता, दोन वर्षांच्या आतील मुलाला संस्थेत ठेवण्यास मनाई केली. बुखारेस्टचे निष्कर्ष त्या वेळी सरकारपुढे ठेवले गेलेले होते. भारतात २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने निराधार मुलाला दत्तक न देताही काही काळ दुसऱ्या कुटुंबाच्या सांभाळात देण्याची तरतूद केली आहे. बालकल्याण समिती तसा आदेश देते आणि त्या घरावर देखरेख ठेवते. ही तरतूद आहे हेच पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या गावी नाही. मुलाला संस्थेत पोचवून आल्यावर आपण एक पुण्यकर्म केले या समाधानात माणसे घरी परततात. बुखारेस्टच्या त्या छप्पन्न कुटुंबांत फार श्रीमंत वा फार शिकलेले असे कोणी मुद्दाम निवडलेले नव्हते. त्यांनी केले ते इतकेच की, मूल रात्री रडू लागले तेव्हा कोणीतरी उठून त्याच्यापाशी गेले. कित्येक घरांत मूल प्रथम रडावयास लागले, यालाच काही आठवडे जावे लागले.